गाभाऱ्यातील ज्योत : देवालयाची रचना, प्रमाण आणि प्रकाश

॥ श्री ॥

श्रीवर्धन क्षेत्री येणाऱ्या पुष्कळ भाविकांच्या मनात दर्शनाच्या वेळी एक शंका उभी राहते. बाहेर समुद्रावरचा लख्ख उजेड असतो, अंगणात डोळे दिपविणारे ऊन असते. आणि देव मात्र आत, खिडकी नसलेल्या लहानशा काळोख्या खोलीत असतो. दार ठेंगणे, उंबरठा उंच, भिंती गरजेपेक्षा जाड. ज्या परमेश्वराला भक्त तेजोमय म्हणतात, त्याला अंधारात का बसविले असावे? याच भावनेने काही श्रद्धावान देणगीदार गाभाऱ्यात विजेचे मोठे दिवे लावून द्यावेत, दार रुंद करून द्यावे, भिंतींना गुळगुळीत फरशी बसवून द्यावी, अशी इच्छा प्रकट करतात. त्यांचा भाव निर्मळ असतो. परंतु ज्या पूर्वजांनी ही देवालये उभी केली, त्यांनी भिंतीची जाडी, दाराची उंची आणि आत येणाऱ्या उजेडाचे मान विचारपूर्वक ठरविले होते. तो विचार समजून घेतला, तर दर्शन अधिक सखोल होते आणि दानही योग्य ठिकाणी पोहोचते. यासाठीच हे विवेचन.

श्रीवर्धनचे क्षेत्र

श्रीवर्धन म्हणजे श्रीची वृद्धी करणारे स्थान. पश्चिमेस अरबी समुद्र, किनाऱ्यालगत नारळी-पोफळीच्या दाट वाड्या, त्यांमधून जाणाऱ्या पाखाड्या आणि तांबड्या जांभ्या दगडाची गडगी असे या गावाचे रूप आहे. ज्यांना १७१३ मध्ये छत्रपती शाहू महाराजांनी पेशवेपदाची वस्त्रे दिली, ते बाळाजी विश्वनाथ भट याच गावचे. त्यांचे स्मारक गावात आहे. श्रीलक्ष्मीनारायण, श्रीजीवनेश्वर, ग्रामदेवता श्रीसोमजाई आणि श्रीकुसुमादेवी ही येथील श्रद्धास्थाने होत. तालुक्यातील हरिहरेश्वर हे पेशव्यांचे कुलदैवत मानले जाते. दिवेआगर येथे शके ९८२ मधील, म्हणजे इ.स. १०६० चा मराठी ताम्रपट मिळालेला आहे. या किनाऱ्यावरील वस्ती आणि तिची भाषा किती जुनी आहे, याची त्यावरून कल्पना येते.

या भूमीतील देवालयाचे दर्शन महाद्वारापाशी सुरू होत नाही, ते वाडीतच सुरू होते. पोफळीची सरळ, उंच खोडे दोन्ही बाजूंस खांबांसारखी उभी असतात. वरच्या झावळ्यांतून ऊन गाळून खाली येते. समुद्रकाठच्या उन्हातून आलेला यात्रेकरू या सावलीत शिरला की त्याची चाल आपोआप मंदावते. देवालय बांधणाऱ्याने जे पुढे दगडात आणि लाकडात केले, त्याचा आरंभ निसर्गाने वाडीतच करून ठेवलेला आहे.

भार वाहणारी भिंत

देवालयाची रचना समजण्यासाठी प्रथम दगडाचा स्वभाव समजला पाहिजे. दगडावर वरून कितीही भार ठेवला तरी तो सहन करतो; परंतु तोच दगड दोन खांबांवर आडवा टाकून मध्ये भार दिला तर तो लवत नाही, मोडतो. म्हणून दगडी तुळई फार लांब ठेवता येत नाही आणि खांब एकमेकांजवळ घ्यावे लागतात. शिखराचा मोठा भार खाली जमिनीपर्यंत नेण्यासाठी भिंती जाड कराव्या लागतात आणि त्यांना मोठी छिद्रे पाडून चालत नाही. गाभाऱ्याचा अंधार हा या भारातूनच जन्मतो. पूर्वजांची थोरवी अशी की, जी दगडाची मर्यादा होती तिलाच त्यांनी साधनेचे अंग केले.

कोकणात याला आणखी एक कारण जोडले गेले. येथील जांभा दगड खाणीतून काढताना मऊ असतो, हत्याराने सहज कापता येतो आणि हवा लागली की टणक होतो. मात्र तो सच्छिद्र असल्याने त्यावर बारीक नक्षी टिकत नाही. म्हणून घाटावरच्या काळ्या दगडाच्या मंदिरांप्रमाणे येथील भिंतींवर शिल्पांची दाटी सहसा दिसत नाही. चुन्याचा गिलावा दिलेली साधी, स्वच्छ भिंत दिसते. कारागिराचे कौशल्य लाकडात उतरले. साग आणि फणसाचे खांब, कोरीव हस्त, तुळया, वासे यांवर सभामंडप उभा राहिला. रायगड जिल्ह्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. त्यामुळे छप्पर उतरते झाले. पूर्वी त्यावर गवत, झावळ्या किंवा नळीची कौले असत. १८६५ मध्ये मंगळूर येथे बासेल मिशनचा कौलांचा कारखाना सुरू झाल्यानंतर पुढे सपाट मंगलोरी कौले किनाऱ्यावर सर्वत्र पसरली.

या उतरत्या छपराचा उपयोग पावसापुरता नाही. श्रीवर्धन सुमारे १८ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात येथे भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या काठीची सावली नाहीशी होते. त्या वेळी खाली उतरलेली छपराची कड ऊन बाहेरच अडविते. डिसेंबरात मात्र दुपारचा सूर्य दक्षिणेकडे झुकून क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवरच राहतो. तेव्हा त्या बाजूने मोकळ्या असलेल्या मंडपात तिरपे ऊन आत येते. कोणतेही यंत्र न वापरता ऋतूप्रमाणे उजेड आणि ऊब कमी-अधिक करणारी ही योजना आहे.

प्रमाण हेच शास्त्र

आचार्य वराहमिहिर यांनी सहाव्या शतकात रचलेल्या बृहत्संहिता या ग्रंथात देवालयाच्या लक्षणांवर स्वतंत्र अध्याय आहे. त्यात वीस प्रकारची देवालये सांगितली आहेत आणि त्यांच्या मापांचे साधे, स्पष्ट नियम दिले आहेत. देवालयाची जेवढी रुंदी, तिच्या दुप्पट उंची असावी. रुंदीच्या निम्मा गाभारा असावा. उरलेले माप सभोवतालच्या भिंतींचे. गाभाऱ्याच्या चौथ्या हिश्श्याइतके दार रुंद असावे आणि रुंदीच्या दुप्पट ते उंच असावे. दाराच्या उंचीतून आठवा भाग वजा केला की राहील तेवढी पीठासह मूर्तीची उंची. त्यातले दोन भाग मूर्ती आणि एक भाग पीठ.

हा नियम एका उदाहरणाने पाहावा. देवालय बाहेरून १६ हात रुंद असेल, तर त्याची उंची ३२ हात होईल आणि गाभारा ८ हातांचा. दोन्ही बाजूंच्या भिंतींसाठी प्रत्येकी ४ हात उरतील. दार २ हात रुंद आणि ४ हात उंच येईल. पीठासह मूर्ती साडेतीन हातांची होईल. आता क्षेत्रफळ पाहिले तर एकूण २५६ चौरस हातांपैकी गाभाऱ्याला अवघे ६४ चौरस हात मिळतात. म्हणजे चार भागांतील तीन भाग भिंतींनी व्यापलेले असतात आणि एक भाग मोकळा असतो. संसारी मनुष्य घर बांधताना याच्या उलट करतो. भिंत जितकी कमी तितकी खोली मोठी, असा त्याचा हिशेब असतो. देवालयात मात्र तीन भाग दगड केवळ एक भाग शांततेचे रक्षण करण्यासाठी उभा असतो.

त्याच ग्रंथात देवालयाची भूमी ६४ पदांत, म्हणजे आठ गुणिले आठ चौकोनांत विभागावी असे सांगितले आहे. या वास्तुमंडलात मधली चार पदे ब्रह्मदेवाची. वरील नियम या चौकटीवर ठेवला की गाभारा मधल्या सोळा पदांत येतो आणि त्याच्या ऐन मध्यावर ब्रह्मस्थान राहते. भोवतालची अठ्ठेचाळीस पदे भिंतींची. गवंड्याजवळ दोरी, खुंटी आणि हात एवढे साहित्य असले तरी तो हे मंडल जमिनीवर आखू शकत असे. प्रमाणाचा हा लाभ आहे : देवालय लहान असो वा मोठे, एका मापातून दुसरे माप निघते आणि सर्व अवयव एकमेकांचे नातलग होतात. म्हणून जुन्या लहानशा देवळातही भव्यता जाणवते, आणि प्रमाण सुटलेली मोठी इमारत केवळ मोठी वाटते.

दाराच्या उंचीतही उपदेश आहे. हात सुमारे दीड फुटाचा धरला तर १२ हात रुंदीच्या देवालयाचे दार ३ हात, म्हणजे साडेचार फूट उंच येते. मोठा मनुष्य ताठ मानेने आत जाऊच शकत नाही. धनिक असो, अधिकारी असो वा मोलमजुरी करणारा असो, दाराशी प्रत्येकाला वाकावे लागते. नम्रतेचा उपदेश शब्दांनी केला तर तो विसरला जातो. दाराने केलेला उपदेश शरीराला लक्षात राहतो.

शिल्पशास्त्राने देवालयाला देहाची उपमा दिली आणि त्याच्या भागांना देहाचीच नावे ठेवली. जोत्याला पाद, भिंतीला जंघा, शिखराच्या खांद्याला स्कंध, त्यावरील अरुंद भागाला ग्रीवा. आणि या देहाच्या मध्यभागी गर्भगृह. गर्भात अंधारच असतो, आणि जीव तेथेच वाढतो.

प्रकाशाच्या पायऱ्या

देवालयात प्रकाश एकदम तोडलेला नसतो, तो पायरीपायरीने कमी केलेला असतो. अंगणात पूर्ण ऊन. दीपमाळेपाशी व तुळशीवृंदावनापाशी मनुष्य अजून जगाच्या उजेडातच असतो. सभामंडपात सावली, पण बाजू मोकळ्या असल्याने वारा आणि दिवसाचे भान असते. अंतराळात बाजूचा उजेड संपतो. केवळ मागून येणारा आणि पुढून दिसणारा, असे दोनच प्रकाश उरतात. गाभाऱ्यात मागचाही उजेड थांबतो. तेथे फक्त समई. तिच्या ज्योतीत प्रथम मूर्तीचा मुकुट, मग डोळे, मग हात आणि शेवटी चरण दिसू लागतात.

हे कमी होणे डोळ्यांच्या स्वभावाला धरून आहे. तीव्र उजेडातून अंधारात आलेल्या डोळ्याला पहिली काही मिनिटे जवळजवळ काहीच दिसत नाही. पाच-दहा मिनिटांत दृष्टी बरीच सावरते आणि अंधाराशी पूर्ण जुळवून घेण्यास तिला वीस ते तीस मिनिटे लागतात. पूर्वीचा यात्रेकरू हातपाय धुऊन मंडपात बसे, जप करी, प्रदक्षिणा घाली आणि मगच गाभाऱ्यासमोर उभा राही. तोवर त्याचे डोळे तयार झालेले असत आणि समईची एक वात त्याला पुरे होई. आजचा यात्रेकरू वाहनातून उतरून थेट दाराशी येतो. त्याला मूर्ती दिसत नाही, म्हणून मोठा दिवा हवासा वाटतो. उणीव गाभाऱ्याच्या प्रकाशात नसते. मंडपात न घालवलेल्या त्या दहा मिनिटांत असते.

छांदोग्य उपनिषदाच्या आठव्या अध्यायात मनुष्यदेहाला ब्रह्माचे नगर म्हटले आहे. त्या नगरात कमळासारखे एक लहानसे घर आहे, त्या घरात सूक्ष्म आकाश आहे, आणि बाहेरचे आकाश जेवढे विशाल तेवढेच हे आतले आकाशही विशाल आहे, असा तेथील आशय आहे. गाभारा पाहताना हा आशय आठवावा. आठ हातांच्या खोलीत सीमा दिसत नाहीत, कारण भिंती काळोखात विरून जातात. ज्योतीभोवती जे उरते त्याला माप लावता येत नाही. तीच खोली झगझगीत दिव्यांनी उजळली की तिचे चार कोपरे दिसतात आणि ती आठ हातांची होते.

सूर्य जेथे दर्शनाला येतो

जाड भिंत आणि अरुंद दार यांचा आणखी एक चमत्कार महाराष्ट्राला परिचित आहे, तो कोल्हापूरच्या श्रीमहालक्ष्मी मंदिरातील किरणोत्सव. तेथे देवी पश्चिमाभिमुख आहे. नोव्हेंबरच्या ९, १० व ११ तारखांस आणि ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी या दिवशी मावळत्या सूर्याचे किरण महाद्वारातून, मंडपांच्या रांगेतून गाभाऱ्यापर्यंत येतात. पहिल्या दिवशी ते चरणांवर, दुसऱ्या दिवशी मध्यभागी आणि तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत पोहोचतात, अशी परंपरा आहे.

यामागील गणित समजल्याने श्रद्धा उणावत नाही, उलट दृढ होते. सूर्य २१-२२ डिसेंबरला दक्षिणेच्या टोकाला जातो आणि परत फिरतो. १० नोव्हेंबर हा दिवस त्याच्या ४१ दिवस आधीचा, तर १ फेब्रुवारी हा सुमारे ४२ दिवस नंतरचा. म्हणून या दोन्ही वेळी सूर्य क्षितिजावर जवळजवळ एकाच बिंदूवर, पश्चिमेच्या सुमारे १८ अंश दक्षिणेस मावळतो. वर्षभरात कोकणात आणि दक्षिण महाराष्ट्रात सूर्याच्या उगवण्या-मावळण्याची जागा मध्यापासून दोन्ही बाजूंस सुमारे २५ अंश सरकते. दार अरुंद आणि मूर्ती खोलवर असेल, तर या विस्तीर्ण फेऱ्यातील मोजकेच दिवस किरणांना वाट मिळते. दार रुंद असते तर ऊन कितीतरी दिवस आत आले असते आणि उत्सव राहिला नसता. अंधार राखला, म्हणून किरणाला मोल आले.

हा मार्ग किती नाजूक असतो, हेही कोल्हापुरानेच शिकविले आहे. शहरातील वाढत्या बांधकामांनी किरणांच्या वाटेत अडथळे आले आणि ते दूर करण्यासाठी प्रयत्न करावे लागले. देवालयाची हद्द कुंपणापाशी संपत नाही. समोरच्या क्षितिजापर्यंत ती पोहोचते.

प्रकाश वरूनही येऊ शकतो. ठाणे जिल्ह्यातील अंबरनाथ येथील शिलाहारकालीन शिवमंदिरात शके ९८२ चा, म्हणजे दिवेआगरच्या ताम्रपटाच्याच शकाचा शिलालेख आहे. तेथे मंडपातून पायऱ्या उतरून खाली गर्भगृहात जावे लागते आणि वर शिखर अपुरे असल्याने माथ्यावर आकाश दिसते. भूमीच्या पोटात उतरलेला भक्त वर पाहतो तो थेट गगनाकडे. दूरच्या रोम नगरीत इ.स. १२५ च्या सुमारास पूर्ण झालेल्या पँथिऑन या देवालयाच्या घुमटालाही माथ्यावर सुमारे नऊ मीटर रुंदीचे उघडे वर्तुळ आहे. त्या घुमटाचा व्यास आणि जमिनीपासूनची उंची दोन्ही सुमारे ४३ मीटर, म्हणजे आत एक पूर्ण गोल मावतो. देश वेगळा, देव वेगळे, साहित्य वेगळे. तरीही भार, प्रमाण आणि प्रकाश या तिघांना एकत्र बांधल्यावाचून पवित्र जागा घडत नाही, हा अनुभव एकच.

हरिहरेश्वराची प्रदक्षिणा

श्रीवर्धनहून सुमारे वीस किलोमीटरवर, सावित्री नदी समुद्राला मिळते त्या परिसरात श्रीक्षेत्र हरिहरेश्वर आहे. येथे प्रथम श्रीकालभैरवाचे, मग श्रीहरिहरेश्वराचे आणि पुन्हा श्रीकालभैरवाचे दर्शन घेण्याची प्रथा आहे. त्यानंतर प्रदक्षिणा. ही प्रदक्षिणा देवळाच्या प्राकारातून न जाता डोंगराला आणि सागराला कवेत घेऊन होते. पायऱ्यांनी वर चढून भाविक दोन कातळांमधल्या अरुंद घळीत उतरतो. दोन्ही बाजूंस उंच खडक, वर आकाशाची चिंचोळी पट्टी. पायरीपायरीने उतरताना समोर उजेडाचा उभा पट्टा रुंदावत जातो आणि एकाएकी संपूर्ण समुद्र उभा राहतो.

गाभाऱ्यात जे घडते त्याचाच हा उलटा क्रम आहे. देवालयात भक्त विशालाकडून सूक्ष्माकडे जातो. येथे तो अरुंदातून अनंताकडे येतो. ज्याने आधी गाभाऱ्यात मंद ज्योत डोळे भरून पाहिली, त्यालाच घळीच्या तोंडाशी आलेला तो प्रकाश खऱ्या अर्थाने दिसतो. दर्शन आणि प्रदक्षिणा ही एकाच श्वासाची दोन अंगे होत : आत घेणे आणि बाहेर सोडणे.

ही प्रदक्षिणा केवळ ओहोटीच्या वेळीच करावी. भरतीच्या पाण्यात हा मार्ग अत्यंत धोक्याचा आहे. पावसाळ्यात आणि समुद्र खवळलेला असताना खडकांवर उतरू नये. भरती-ओहोटीची वेळ स्थानिकांकडे विचारूनच निघावे. समुद्राने घातलेली मर्यादा पाळणे हाही या व्रताचाच भाग आहे.

जीर्णोद्धार आणि दान

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगर परिसरातच किनाऱ्यावर आदळले. घरांची छपरे उडाली, नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. पिढ्यान्‌पिढ्यांची सावली एका दुपारी गेली आणि जेथे कवडसे पडत तेथे भगभगीत ऊन आले. सावली ही केवढी मोठी संपत्ती होती, ते तेव्हा सर्वांना उमगले. पोफळ लावल्यानंतर फळ धरण्यास पाच ते सात वर्षे लागतात. दाट सावलीस त्याहून अधिक. अशा संकटानंतर जे पुन्हा उभारायचे, ते कसे उभारायचे हा प्रश्न केवळ खर्चाचा राहत नाही.

जीर्णोद्धार या शब्दात जीर्णाचा उद्धार आहे, जीर्णाचा त्याग नाही. म्हणून दान देऊ इच्छिणाऱ्या सज्जनांनी पुढील गोष्टी ध्यानी घ्याव्यात. जांभ्याच्या आणि चुन्याच्या भिंती ओलावा घेतात आणि सोडतात. त्यांवर सिमेंटचा गिलावा चढविला की ओल आतच कोंडते आणि भिंत पोखरली जाते. चुन्याच्या गिलाव्यासाठी दिलेला रुपया भिंतीचे आयुष्य वाढवितो. कोरीव दगडावर आणि लाकडावर तैलरंगाचे थर दिल्याने बारीक काम बुजून जाते. कौले काढून पत्रा घातला तर काम लवकर होते, पण मंडप तापतो आणि पावसात पत्र्याच्या आवाजाने नामस्मरण ऐकू येत नाही. मोडलेला वासा बदलणे, कौले चाळणे, लाकडाला वाळवीपासून जपणे ही कामे डोळ्यांत भरत नाहीत आणि त्यांवर नावाची पाटी लावता येत नाही; तरी देवालय त्यांवरच उभे असते.

गाभाऱ्याच्या बाबतीत अधिक जपावे. तेथील दार, उंबरठा आणि भिंत यांना हात लावण्यापूर्वी जाणत्या स्थपतीचा आणि संबंधित अधिकाऱ्यांचा सल्ला घ्यावा. विजेचा दिवा आवश्यकच असेल तर तो मंद, पिवळसर आणि मूर्तीच्या डोळ्यांवर न येणारा असावा. समईच्या तेलासाठी केलेले दान लहान समजू नये.

वृद्ध आणि अपंग भाविकांची सोय हेही देवकार्यच आहे, आणि ते या विचाराच्या आड येत नाही. अंगणापासून मंडपापर्यंत सौम्य उतार, पायऱ्यांना कठडा, पादत्राणे काढण्याच्या जागी बसण्यास बाक आणि पायरीच्या कडेवर स्पष्ट पट्टी हे सर्व गाभाऱ्याला न दुखविता करता येते. तसेच प्राकारात आणि वाटेवर एक नारळ, एक पोफळ लावून ती वाढविणे हेही मंडपाला खांब अर्पण करण्यासारखेच आहे. जो लावतो त्याला सावली मिळेलच असे नाही. परंतु देवालये अशाच माणसांनी उभी केली, ज्यांना कळस पाहायला मिळेल की नाही हे ठाऊक नव्हते.

दर्शनविधी

भाविकांनी देवळात आल्यावर घाई करू नये. हातपाय धुवावेत, भ्रमणध्वनी बंद करून ठेवावा आणि सभामंडपात खांबाशी टेकून निदान दहा मिनिटे स्वस्थ बसावे. छपराचे वासे, तुळया, हस्त पाहावेत. वरचा भार खांबावर कसा येतो आणि खांब तो जमिनीला कसा देतो, ते न्याहाळावे. मनावरचा भारही असाच उतरू द्यावा. मग उठून दाराशी वाकावे, उंबरठ्याला हात लावावा आणि ज्योतीकडे पाहत उभे राहावे. आरंभी काही दिसणार नाही. थांबावे. डोळे उघडे ठेवावेत. थोड्या वेळाने काळोखातून श्रींचे मुख प्रकट होईल.

ते मुख तेथे आधीपासूनच होते. पाहणाऱ्याची दृष्टी तेवढी तयार व्हायची होती. तीन भाग दगड आणि एक भाग अंधार रचून पूर्वजांनी सांगितले ते एवढेच. येथून परतताना प्रसादाबरोबर प्रत्येकाने तेवढी स्वस्थता घरी न्यावी आणि आपल्या देवघरातील लहानशा निरांजनासमोरही ती सांभाळावी.

॥ शुभं भवतु ॥